एक प्रवासी, एक जागा

"एकतीस वर्षांत माझ्या गाडीत जागेवरून झालेलं एकबी भांडन पुढच्या थांब्यापर्यंत गेलं न्हाई," असं शिवहारराव कऱ्हाळे कुणालाही सांगायचे, मग त्यानं विचारलेलं असो वा नसो. हिंगोली आगारातून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. खाकी कपडे पेटीत गेले होते, कंडक्टरपणा मात्र अंगावरच राहिला होता. लग्नाच्या पंगतीत ते 'पुढं सरका, मागं मोकळं हाये' म्हणत दोन ताटं जास्तीची बसवायचे. औंढ्याला नागनाथाच्या रांगेत मध्येच घुसलेल्या माणसाला दंडाला धरून शेवटी नेऊन उभं करायचे, आणि त्या माणसाला वाटायचं की हे देवस्थानचेच कुणी असावेत.

त्यांचा खरा वैरी म्हणजे रुमाल. गाडी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल, टोपी, टॉवेल, काहीच नसलं तर पायातली चप्पल आत टाकायची आणि जागा धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत. शिवहाररावांनी ती हयातभर मानली नाही. एकाच माणसाचे तीन जागांवर तीन रुमाल दिसले की ते तिन्ही गोळा करून त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पावनं, एक प्रवासी, एक जागा. कोनती पायजे ते सांगा." एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याचा टॉवेल असाच उचलला म्हणून त्यांची बदली होता होता राहिली होती. एवढं जपलेलं हे तत्त्व! त्यानं घरात काय घोळ घातला, त्याची ही गोष्ट.

शिवहाररावांना एकच लेक, सत्यशीला. पोरगी अर्थशास्त्रात एम.ए. झाली, पुण्याच्या एका संस्थेत दोन वर्षं आकडेवारीचं काम केलं, आणि आता तिला अमेरिकेत जाऊन अर्थशास्त्रातच पीएच.डी. करायची होती. डिसेंबरात तिनं बारा विद्यापीठांना अर्ज केले. निकाल फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत कधीही येणार होते. पुण्यात एकटीनं जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा घरचं बरं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन औंढा रस्त्यावरच्या आपल्या गावी आली. सकाळी उठून मेल बघायची आणि दिवसा हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात जाऊन शेतकऱ्यांना प्रश्न विचारायची, असा तिचा क्रम होता.

विद्यापीठांची नावं तिच्या आईच्या, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या जिभेवर बसेनात. चंद्रभागाबाईंकडं चौदा शेळ्या होत्या आणि प्रत्येकीला खुणेवरून नाव होतं. त्यांनी इथंही तेच केलं. सत्यशीलेला एकेका विद्यापीठाची खूण विचारली आणि नावं ठेवून टाकली. बर्फाची, डोंगराची, समुद्राची, दोन नद्यांची, मक्याची, तळ्याकाठची. आठवडाभरात सगळं घर त्याच नावांनी बोलायला लागलं. खुद्द सत्यशीला एकदा फोनवर पुण्याच्या सरांना म्हणून गेली, की सर, बर्फाचीचं अजून काही आलं नाही.

मग नकार यायला लागले. इकडं सकाळ असते तेव्हा तिकडं संध्याकाळ, त्यामुळं वाईट बातमी नेहमी पहिल्या चहाबरोबर यायची. सत्यशीला गप्प येऊन ओट्यावर बसली की चंद्रभागाबाई दूध काढता काढता विचारायच्या, "कोनती?" ती म्हणायची, "डोंगराची." त्यावर चंद्रभागाबाई, "भाकड निघाली मेली. जाऊ दे," एवढंच म्हणून पुढच्या शेळीकडं वळायच्या. असं करत करत मार्चअखेर दहा भाकड निघाल्या.

अकरावी मक्याची. मैलोन्मैल मक्याची शेतं आणि मधोमध विद्यापीठ. तिनं मात्र हो म्हटलं, फी माफ केली आणि वर खर्चाचीही सोय केली. त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. सत्यशीला हसली, पोळीही खाल्ली, पण तिचा जीव अडकला होता बारावीत. तळ्याकाठच्या विद्यापीठात एक प्राध्यापिका होत्या, त्यांचं सगळं आयुष्य मसाल्याच्या बाजारांचा अभ्यास करण्यात गेलं होतं. शेतकरी माल कधी विकतो आणि कधी थांबतो, हाच सत्यशीलेचाही विषय. त्या बाईंच्या हाताखाली शिकायला मिळावं म्हणून तर तिनं हा सगळा खटाटोप मांडला होता. तळ्याकाठचीनं नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. तिनं वेटिंगवर ठेवलं होतं.

वेटिंग म्हटल्याबरोबर शिवहारराव ताठ बसले. इतके दिवस पोरीच्या अभ्यासातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, हे मात्र त्यांच्या खात्यातलं होतं! त्यांनी लेकीकडून सगळी माहिती काढून घेतली. ज्यांना चार-पाच ठिकाणी प्रवेश मिळालेत त्यांना पंधरा एप्रिलपर्यंत सगळ्या जागा धरून ठेवता येतात. त्यांनी नको असलेल्या जागा सोडल्या की मागच्यांना मिळतात. पण बरेच जण शेवटच्या दिवसापर्यंत सोडत नाहीत.

"म्हंजे रुमाल टाकून बसलेत," शिवहारराव म्हणाले.

सत्यशीला हसली आणि म्हणाली, "तसंच समजा." तिनं हसायला नको होतं.

एप्रिलच्या दहा तारखेला सत्यशीला सकाळीच हिंगोलीला निघाली. हळदीचा लिलाव मोठा होता, बाजारात गर्दी होणार होती. जाताना तिनं लॅपटॉप चालू ठेवून वडलांसमोर मांडला. तळ्याकाठचीची मेल आली तर फोन करा, बाकी कशाला हात लावू नका, असं दोनदा बजावलं. शिवहाररावांनी अंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं आणि ड्युटीवर बसल्यासारखे पडद्यासमोर बसले.

मेल काही येईना. पण पडद्यावर शेजारीच एक व्हॉट्सअॅप ग्रुप उघडा होता. देशभरातून अर्थशास्त्रासाठी अर्ज केलेल्या पावणेदोनशे पोरापोरींचा. शिवहाररावांना वेळापत्रकातलं आणि वरिष्ठांच्या मेमोतलं इंग्रजी चांगलं येत होतं, ते या कामाला पुरेसं होतं. एकानं लिहिलं होतं, माझ्या हातात पाच प्रवेश आहेत, पंधरा तारखेपर्यंत निवांत विचार करतो. दुसरीनं लिहिलं होतं, माझे चार आहेत, घाई कशाला, आणि पुढं काळा चष्मा घातलेलं तोंड.

शिवहाररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच जागा! एका बुडाला! त्यांना आवाजी निरोप पाठवता येत होता, निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर ते रोज सकाळी सुविचार पाठवायचे. त्यांनी माइकचं चित्र दाबलं, घसा खाकरला आणि भरल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचायचा त्या आवाजात आपल्या हिंगोलीच्या हिंदीत सुरुवात केली.

"देखो बच्चो, मैं सत्यशीला का बाप, हिंगोली डेपो का रिटायर कंडक्टर बोल रहा हूं. एक पॅसेंजर, एक सीट. जिसने पाच सीट पे रुमाल डाला है, वो चार रुमाल उठा लो. पीछे लोग खडे हैं. मेरी भी लेकरू खडी है."

 मग तो पाचवाला पोरगा लिहिता झाला, की सॉरी अंकल, दोन सोडतो. पाठोपाठ काळ्या चष्म्याच्या पोरीनं एक सोडली. कुणी तरी घंटीचं चित्र टाकलं. कुणी 'अंकल, पुढचा थांबा कोणता' असं विचारलं, त्याला शिवहाररावांनी पुन्हा निरोप पाठवून गप्प बसवलं. आता त्यांच्या अंगात आलं होतं. नाव घेऊन घेऊन ते एकेकाला उठवू लागले आणि सुटलेल्या जागा कागदावर लिहून ठेवू लागले. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा जागा रिकाम्या झाल्या! नोकरीत असताना बाजाराच्या दिवशीसुद्धा त्यांनी एवढी गाडी कधी मोकळी केली नव्हती.

तेवढ्यात अमरावतीकडच्या पुजा नावाच्या एका मुलीचा प्रश्न आला. मुलगी भाबडी होती, टोमणा वगैरे नव्हता. तिनं मराठीतच लिहिलं होतं, काका, सत्यशीलाताईला एक जागा तर मिळालीय ना, मग ती धरून ती दुसरीसाठी कशी काय थांबलीय?

शिवहाररावांचा हात माइकवरच राहिला. बरोबर आहे की! मक्याचीवर आपल्याच पोरीचा रुमाल, आणि आपण जगाला शहाणपण शिकवतोय. पावणेदोनशे लेकरं बघत होती. त्यांनी सत्यशीलेला फोन लावला. लिलावाच्या गलक्यात तिला तो ऐकू गेला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

तेवढ्यात उत्तमसिंग ताक प्यायला आले. पलीकडच्या तांड्यावरचे उत्तमसिंग हे शिवहाररावांचे जुने ड्रायव्हर. दोघांनी बारा वर्षं एकच गाडी चालवली होती. शिवहाररावांनी त्यांना सगळा पेच सांगितला आणि काय करावं असं विचारलं. उत्तमसिंगनी ताकाचा पेला संपवला, मिशी पुसली.

"मास्तर, गाडी सोडायची का थांबवायची, हे तुमी ठरवायचं," ते म्हणाले. "मी कवा मागं वळून बघितलंय का?"

हा सल्ला नव्हता, पण शिवहाररावांना तो होकार वाटला. शिवाय त्यांचा हिशेब सरळ होता. अकरा माणसं उतरली म्हणजे गाडीत जागा झालीच. तळ्याकाठची आज ना उद्या येणारच, मग मक्याची कशाला अडवायची? मक्याचीचं पान कसं उघडायचं हे त्यांना पाठ होतं, कारण घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते लेकीकडून उघडून घेऊन दाखवायचे. पानावर पोरीचं नाव, खाली एक हिरवं बटण, एक लाल. त्यांनी लाल दाबलं. पान म्हणालं, नक्की का? त्यांनी नक्की दाबलं. पान म्हणालं, कारण लिहा. त्यांनी दोन बोटांनी, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'वन पॅसेंजर, वन सीट'. मग ग्रुपवर जाहीर केलं, की सत्यशीला ने भी एक सीट छोड दिया. पोरांनी टाळ्यांची चित्रं पाठवून पडदा भरून टाकला. शिवहारराव त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवले.

संध्याकाळी सत्यशीला आली ती नखशिखांत पिवळी होऊन. हळदीच्या बाजारातून येणारं माणूस हळद लागलेल्या नवरीसारखं दिसतं. शिवहारराव दारातच उभे होते.

"बाई, तुझं काम झालं. अकरा जन उतरिवले. तळ्याकाठची आता आलीच म्हून समज."

तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ग्रुपवरचे निरोप वाचत, ऐकत गेली. सुरुवातीला ती एवढी हसली की तिला ठसका लागला. चंद्रभागाबाई पाणी घेऊन आल्या. मग ती शेवटच्या निरोपावर आली आणि तिचं हसू थांबलं.

"बाबा, मक्याची सोडली?"

"व्हय. दोन जागा धरून बसनं आपल्याला शोभत न्हाई."

तिनं अकरा जागांचा कागद मागितला. वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला. "ह्याच्यात तळ्याकाठची एकबी न्हाई," ती म्हणाली.

"अकरा जन उतरले की."

"ते दुसऱ्या गाड्यांतून उतरले, बाबा. माझी गाडी जशीच्या तशी भरलेली हाये."

शिवहाररावांनी घडी उलगडून कागद पुन्हा वाचला. जागा कोणत्या गाडीतल्या सुटल्या हे बघायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एका वेळी एकच गाडी सांभाळली होती. एकाच फलाटावर बारा गाड्या उभ्या असतील आणि उतरणारा एकीतून उतरून चढणारा दुसरीत ताटकळत असेल, हे त्यांना कोण सांगणार?

"मला इचारलं काहून न्हाई?" सत्यशीलेनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"दोनदा फोन लावला."

"मी उचलला न्हाई. मंग थांबायचं होतं." एवढं बोलून ती उठली आणि मागच्या अंगणात शेळ्यांपाशी जाऊन बसली.

तिनं त्याच संध्याकाळी मक्याचीला पत्र लिहिलं, की गैरसमजातून असं असं झालं, जागा परत मिळेल का. उत्तर दुसऱ्या दिवशी पहिल्या चहाला आलं. अतिशय गोड भाषेत त्यांनी कळवलं होतं, की तुमची जागा आम्ही लगेच पुढच्या उमेदवाराला देऊ केली आहे, त्याचं उत्तर येईपर्यंत तुम्हाला वेटिंगवर ठेवत आहोत. जाता जाता असंही लिहिलं होतं, की जागा सोडण्याचं तुम्ही दिलेलं कारण आमच्या विभागात सगळ्यांनी मोठ्यानं वाचलं आणि ते फार आवडलं. म्हणजे काल पोरीच्या हातात एक जागा होती आणि एक वेटिंग होतं. बापाच्या तत्त्वानं आज दोन्हीकडं वेटिंग झालं होतं.

मग घरात चार दिवस जे चाललं ते शत्रूवरही येऊ नये. सत्यशीला भांडली नाही. चहा द्यायची, जेवायला बोलवायची, पण विद्यापीठाचं नाव काढायची नाही. चंद्रभागाबाई नवऱ्याशी बोलतच नव्हत्या, त्या सगळं शेळ्यांना सांगायच्या. "काय गं भुरे, तुला दावनीवरून सोडायचं असलं तर मी आधी तुला इचारीन का न्हाई? मी अडानी हाये, तरी इचारीन." भुरी शेळी चारा खात राहायची आणि पलीकडं बाजेवर शिवहारराव उगाच पंच्याची घडी घालायचे. गावात गोष्ट पसरली ती निराळीच. कुणी म्हणालं, कऱ्हाळे कंडक्टरनं अमेरिकेची अकरा पोरं घरी पाठवली. कुणी म्हणालं, पोरीनं अमेरिका नाकारली. शेजारच्या जिवनबाई तर, झालं ते बरं झालं, एवढ्या लांब कशाला धाडायचं, असं सांगायला मुद्दाम येऊन बसल्या आणि चंद्रभागाबाईंनी त्यांना चहा न देता उठवलं. उत्तमसिंगनी तेवढं स्पष्ट करून टाकलं, की मी काहीच बोललो नव्हतो.

शिवहाररावांना माफी मागायची होती, पण बापानं लेकीची माफी कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. चूक झाल्यावर काय करायचं याचा एकच रिवाज त्यांना माहीत होता, तो एस.टी.चा. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेघांचा कागद घेतला, समास सोडला आणि खुलासा लिहिला. प्रति, कुमारी सत्यशीला शिवहार कऱ्हाळे. विषय, प्रवाशास न विचारता जागेवरून उठविल्याबाबत. दिनांक दहा रोजी मी कर्तव्यावर असताना सदर प्रवाशाच्या अनुपस्थितीत तिची जागा सोडली. प्रवाशाशी संपर्काचा दोन वेळा प्रयत्न केला, तथापि तिसऱ्यांदा करावयास हवा होता व तोवर थांबावयास हवे होते. सदर कृत्य तत्त्वासाठी केले असे मी तेव्हा समजलो. परंतु पावणेदोनशे लेकरांसमोर मान खाली जाऊ नये हेही त्यात होते, हे आता कबूल करतो. सबब, योग्य ती शिक्षा व्हावी. खाली सही आणि सवयीनं बिल्ला क्रमांक.

कागद त्यांनी लेकीच्या वहीत ठेवला आणि शेळ्या घेऊन माळाकडं निघून गेले, इतकी वर्षं ज्या शेळ्यांकडं त्यांनी ढुंकून बघितलं नव्हतं त्या. परत आले तेव्हा कागद बाजेवर होता. समासात सत्यशीलेनं लाल शाईनं शेरा मारला होता, 'खुलासा प्रामाणिक आहे. समाधानकारक नाही.' शिवहाररावांना नोकरीत सोळा मेमो आले होते. त्यातला एकही त्यांनी जपून ठेवला नव्हता. हा मात्र त्यांनी घडी करून खिशात ठेवला, आणि त्यांना तीन दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. निदान पोरीनं उत्तर तरी दिलं होतं.

पंधरा एप्रिल आली आणि गेली. मक्याचीकडून काही नाही, तळ्याकाठचीकडून काही नाही. संध्याकाळी सत्यशीला आपणहून वडलांना म्हणाली, की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, तोवर हळदीचं काम पुरं होईल, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. हे ऐकून शिवहाररावांना जे झालं ते चार दिवसांच्या अबोल्यानंही झालं नव्हतं. पोरगी आपली समजूत काढतेय! एक वर्ष म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. पंचविशीतलं एक वर्ष त्यांनी तीन मिनिटांत, दोन बोटांनी घालवलं होतं.

सोळा तारखेला सकाळी, म्हणजे तिकडं अजून पंधराचीच संध्याकाळ असताना, चंद्रभागाबाई दूध काढत होत्या. सत्यशीला ओट्यावर येऊन बसली. तिचं तोंड असं काही झालं होतं की चंद्रभागाबाईंनाही ते ओळखता येईना.

"कोनती?" त्यांनी विचारलं.

"तळ्याकाठची."

"भाकड?"

"न्हाई, माय. गाभन."

चंद्रभागाबाईंच्या हातातली चरवी कलंडली. आतून शिवहारराव धोतराचा सोगा सावरत आले. अख्खं घर ओट्यावर गोळा झालं, म्हणजे तिघं जण आणि सांडलेल्या दुधाच्या वासानं आलेलं मांजर. जागा रिकामी झाली होती आणि उद्यापर्यंत हो म्हणायचं होतं.

रिकामी कुणी केली, ते सत्यशीलेला ग्रुपवरून कळलं. झारखंडकडचा दिपक नावाचा एक पोरगा तळ्याकाठच्या जागेवर बसून होता. शिवहाररावांच्या निरोपानंतरही तो हलला नव्हता. हलणार कसा, त्याच्याकडं तेवढी एकच जागा होती. पण त्याचं मन होतं मक्याचीत. त्याची बायको सुनिता त्याच गावात शिकत होती आणि लग्नाला दोन वर्षं होऊनही दोघं एकूण सव्वा महिनाच एकत्र राहिले होते. मक्याचीच्या वेटिंगवर पहिलं नाव त्याचंच. शिवहाररावांनी लाल बटण दाबलं, मक्याचीची जागा दिपकला गेली, खर्चाच्या सोयीचं पत्र पंधरा तारखेला हातात पडल्यावरच दिपकनं तळ्याकाठची सोडली आणि ती सत्यशीलेला आली. सत्यशीलेनं पाटीवर दोन चौकोन काढून बाण दाखवले. ती त्याच्या जागेवर बसली होती आणि तो तिच्या. दोघंही हातातली जागा सोडायला घाबरत होते, म्हणून दोघंही अडकले होते.

"हे तर रोजचंच," शिवहारराव म्हणाले. "नवरा मागं, बायको पुढं, आन् मधल्या दोघांचं उलटं. एकानं उठल्याबिगर बसत न्हाई." बोलता बोलता त्यांची छाती हळूहळू भरायला लागली होती. चार दिवस वाकलेला कणा सरळ झाला. "म्हंजे मी बराबर होतो."

सत्यशीलेनं पाटी खाली ठेवली. "बाबा, तुमी बराबर न्हवता," ती म्हणाली. "तुमी नशीबवान होता. दिपकच्या जागी दुसरं कुनी असतं तर मी आज घरी बसले असते."

छाती पुन्हा जागेवर आली. शिवहाररावांनी मान हलवली. हे खरं होतं, आणि खरं असलं की ते वाद घालत नसत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

सत्यशीलेनं तळ्याकाठचीचं पान उघडलं. तिचं नाव, खाली एक हिरवं बटण, एक लाल. चंद्रभागाबाई पदराला हात पुसत मागं उभ्या राहिल्या. शिवहाररावांचा उजवा हात आपोआप पुढं झाला, आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागं घेतला, दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग ज्या माणसानं एकतीस वर्षांत कुणाला 'उठता का' असं विचारलं नव्हतं, फक्त 'उठा' म्हटलं होतं, त्या माणसानं लेकीला विचारलं, "बाई, मी दाबू का?"

सत्यशीलेनं त्यांच्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. आता पोरगी विरघळली, आता हात धरून बटणावर नेणार, असं चंद्रभागाबाईंना वाटलं. शिवहाररावांना तर वाटलंच.

"न्हाई," ती म्हणाली आणि तिनं स्वतः हिरवं दाबलं.

शिवहाररावांनी धरून ठेवलेला हात सोडला. मग त्यांनी विचारलं, "मंग पानी आनू का?"

"व्हय, पानी आना," सत्यशीला म्हणाली.

आणि शिवहारराव पाणी आणायला गेले. डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी आजवर ही गोष्ट निदान चाळीसदा सांगितली असेल, पण त्यात हा पाण्याचा भाग येत नाही. तो चंद्रभागाबाईंनी शेळ्यांना सांगितला, तेव्हा आम्ही शेजारी कुंपणाशी उभे होतो.